व्रणाचा वर्ण आणि संगणकाचा पडदा : छायाचित्र-संस्करणासाठी लॅपटॉपची निवड

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न हे रोगीपरीक्षेचे तीन मार्ग आपणां सर्वांना परिचित आहेत. त्यांपैकी दर्शनाच्या मदतीला गेल्या काही वर्षांत छायाचित्र आले. व्रण, श्वित्र, विचर्चिका, जिव्हा, नख, नेत्र यांची छायाचित्रे घेऊन ती रुग्णपत्रकाला जोडण्याची पद्धत आता खेड्यातील चिकित्सालयांतही रूढ होत आहे. ही छायाचित्रे साठविणे, त्यांतील प्रकाश व वर्ण यांचा समतोल साधणे आणि दोन भेटींची छायाचित्रे शेजारी ठेवून तुलना करणे यासाठी छायाचित्र-संस्करणाचे सॉफ्टवेअर लागते, आणि ते नीट चालेल असा लॅपटॉपही लागतो. असा लॅपटॉप घेताना नेमके काय पाहावे, असे अनेक व्यवसायबंधू विचारतात. प्रस्तुत लेखात त्याचा यथामती ऊहापोह केला आहे.

अंकुशनगरची गरज

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंकुशनगर हे समर्थ सहकारी साखर कारखान्याचे गाव. गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या येतात, फडाजवळ कोप्या उभ्या राहतात आणि आमच्याकडील रुग्णांचे स्वरूपच बदलते. कोयत्याचा घाव, पाचटाने ओरबाडलेले हात, ऊसाच्या खोडक्याने फाटलेला तळपाय आणि त्यात माती, पाणी व अपुरी विश्रांती यांमुळे दूषित झालेला व्रण असे रुग्ण हंगामभर येत राहतात. कामगार मजुरी बुडवून रोज येऊ शकत नाही. चार दिवसांनी येतो, आठ दिवसांनी येतो. कधी टोळी दुसऱ्या फडावर जाते आणि तो येतच नाही. अशा रुग्णाचा व्रण मागच्या भेटीत कसा होता हे वैद्याने केवळ स्मरणावर सांगणे धोक्याचे असते. रुग्णपत्रकातील ‘व्रण सुधारत आहे’ ही तीन शब्दांची नोंद तुलनेस अपुरी पडते. तेथे छायाचित्र उपयोगी पडते. मात्र ते खरे असेल तरच.

एक चूक

काही हंगामांपूर्वीचा माझा स्वतःचा अनुभव सांगतो. तळपायावर दुष्टव्रण असलेल्या एका कामगाराची शोधन चिकित्सा चालू होती. दहाव्या दिवशी घेतलेले छायाचित्र माझ्या त्या वेळच्या स्वस्त लॅपटॉपवर फिके व मळकट दिसू लागले. व्रण प्रत्यक्षात इतका निस्तेज नाही असे वाटून मी सॉफ्टवेअरमध्ये लाल वर्ण वाढविला, उजळपणा वाढविला आणि चित्र डोळ्यांना पटेपर्यंत ‘सुधारत’ गेलो. ते चित्र सल्ल्यासाठी एका ज्येष्ठ वैद्यांकडे पाठविले. त्यांच्याकडील चांगल्या पडद्यावर व्रणतल स्वच्छ, तांबूस दिसले. त्यांनी शोधन थांबवून रोपणाकडे वळण्यास सुचविले आणि मी तसे केले. पुढच्या भेटीत पट्टी सोडली तेव्हा एका कडेखाली पूय साचलेला होता. मूळ, असंस्कारित छायाचित्र चांगल्या पडद्यावर पाहिले असता ती कड दहाव्या दिवशीच पिवळसर व क्लेदयुक्त होती असे स्पष्ट दिसले. माझ्या पडद्याने ती दाखविली नाही आणि माझ्या ‘सुधारणे’ने ती पुसून टाकली. पुन्हा शोधन करावे लागले. व्रण भरला, परंतु त्या कामगाराची जवळजवळ दोन आठवड्यांची मजुरी बुडाली.

सुश्रुताचार्यांनी शुद्ध व्रणाचा वर्ण जिव्हातलासारखा सांगितला आहे आणि रुह्यमान व्रणाच्या कडा कपोतवर्णाच्या व क्लेदरहित असतात असे म्हटले आहे. म्हणजे शोधन केव्हा पुरे झाले आणि रोपण केव्हा आरंभावे, हा निर्णय पुष्कळ अंशी वर्णाच्या सूक्ष्म भेदावर अवलंबून आहे. जो पडदा हा भेद दाखवू शकत नाही, तो कितीही वेगवान लॅपटॉपला जोडलेला असला तरी वैद्याच्या उपयोगाचा नाही. म्हणून जाहिरातीत लॅपटॉपचे गुण ज्या क्रमाने सांगितलेले असतात तो क्रम आपण बदलावा. प्रथम पडदा, नंतर रॅम, मग साठवण, त्यानंतर प्रोसेसर आणि शेवटी ग्राफिक्स कार्ड, असा क्रम असावा.

१. पडदा

पडद्याचे तीन प्रकार बाजारात आढळतात. पहिला टीएन. हा स्वस्त असतो, परंतु मान किंचित खाली-वर केली तरी त्यावरील वर्ण बदलतात. एकच व्रण सरळ पाहताना तांबडा आणि वरून पाहताना पांढुरका दिसत असेल तर निदान कोणत्या कोनातून करावे, असा प्रश्न पडेल. असा पडदा टाळावा. दुसरा आयपीएस. यात पाहण्याचा कोन बदलला तरी वर्ण बहुतांशी स्थिर राहतो. आपल्या कामास हा उत्तम. तिसरा ओलेड. यातील काळा रंग खरोखर काळा दिसतो व वर्ण अत्यंत तेजस्वी असतात. मात्र कारखान्यातून येताना तो अनेकदा भडक रंगांच्या मांडणीवर ठेवलेला असतो, ती मांडणी बदलून घ्यावी लागते. एकच स्थिर चित्र वर्षानुवर्षे राहिल्यास त्याचा पुसट ठसा पडद्यावर उमटण्याची शक्यताही असते.

केवळ ‘आयपीएस’ हा शब्द वाचून समाधान मानू नये. पडदा किती वर्ण दाखवू शकतो हे पाहावे. यासाठी एसआरजीबी नावाची प्रमाणित वर्णश्रेणी आहे. ती १९९६ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी मांडली आणि १९९९ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. सामान्य कॅमेरे, मोबाइल व छपाईची दुकाने याच श्रेणीला धरून चालतात. माहितीपत्रकात ‘१०० टक्के एसआरजीबी’ असे लिहिलेले असावे. पुष्कळ स्वस्त लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे बारीक अक्षरांत असते. त्याचा अर्थ असा की एसआरजीबीच्या साठ-पासष्ट टक्क्यांच्या आसपासच वर्ण त्या पडद्यावर उमटतात. गडद तांबडा व हिरवा रंग त्यावर मुळातच फिका दिसतो. पाहणाऱ्याला चित्र सदोष वाटते, तो रंग वाढवितो, आणि तेच चित्र दुसऱ्याच्या चांगल्या पडद्यावर अवास्तव लाल होते. माझ्या चुकीचे कारण हेच होते. ‘७२ टक्के एनटीएससी’ असा उल्लेख असल्यास तो पडदा साधारणपणे संपूर्ण एसआरजीबीच्या जवळपास असतो.

पडदा आठ बिटांचा असणे इष्ट. सहा बिटांच्या पडद्यावर प्रत्येक मूळ रंगाच्या ६४ पायऱ्या असतात, म्हणजे एकूण सुमारे २ लाख ६२ हजार वर्ण. आठ बिटांवर २५६ पायऱ्या, म्हणजे सुमारे १ कोटी ६७ लाख वर्ण. श्वित्राच्या कडेवरील पांढरा, फिकट गुलाबी आणि त्वचेचा स्वाभाविक वर्ण यांतील संक्रमण अशा बारीक पायऱ्यांनीच दिसते. उजळपणा ३०० निट किंवा अधिक असावा आणि पृष्ठभाग चकचकीत नसावा. कारण चिकित्सालयात दार व खिडकी उघडी असते आणि चकचकीत पडद्यावर व्रणाऐवजी वैद्याचाच चेहरा दिसू लागतो. १९२० × १०८० किंवा १९२० × १२०० बिंदूंचा पडदा पुरेसा आहे. त्याहून सूक्ष्म पडद्यासाठी अधिक पैसे मोजण्याऐवजी ते वर्णाच्या अचूकतेसाठी खर्च करावेत.

ज्यांच्याकडे आधीच बऱ्यापैकी वेगवान पण निकृष्ट पडद्याचा लॅपटॉप आहे, त्यांनी तो टाकून देऊ नये. संपूर्ण एसआरजीबी दाखविणारा स्वतंत्र आयपीएस मॉनिटर टेबलावर ठेवून तो लॅपटॉपला जोडावा. ज्याला लॅपटॉप घेऊन फिरावे लागत नाही त्याच्यासाठी हाच कमी खर्चाचा मार्ग ठरतो.

२. रॅम

रॅम म्हणजे संगणकाचे कामाचे टेबल. टेबल लहान असेल तर एक वही उघडण्यासाठी दुसरी मिटवावी लागते. हिशेब सोपा आहे. ६००० × ४००० बिंदूंचे, म्हणजे २ कोटी ४० लाख बिंदूंचे एक छायाचित्र उघडले की आठ बिटांच्या मांडणीत ते सुमारे ७२ मेगाबाइट आणि सोळा बिटांच्या मांडणीत सुमारे १४४ मेगाबाइट जागा व्यापते. प्रत्येक नवा पूर्ण थर आणि मागे जाण्यासाठी जपून ठेवलेली प्रत्येक पायरी यांसाठी आणखी जागा लागते. चार भेटींची चार छायाचित्रे थरांसह उघडली की हा आकडा गिगाबाइटांत जातो. शिवाय ऑपरेटिंग सिस्टीम, इंटरनेटचा ब्राउझर आणि रुग्णनोंदीचे सॉफ्टवेअर यांनाही त्याच टेबलावर जागा हवी असते.

फोटोशॉपसाठी अडोबी कंपनीने किमान ८ गिगाबाइट रॅम सांगितली असून १६ गिगाबाइटची शिफारस केली आहे. ‘किमान’ याचा अर्थ ‘चालू होईल’ एवढाच घ्यावा. आज नवा लॅपटॉप घेताना १६ गिगाबाइटपेक्षा कमी रॅम घेऊ नये. अनेक पातळ लॅपटॉपांत रॅम मुख्य फलकावरच कायमची जोडलेली असते व नंतर वाढविता येत नाही. म्हणून ‘रॅम वाढविण्यासाठी मोकळी जागा आहे का?’ हा प्रश्न दुकानदाराला अवश्य विचारावा.

३. साठवण

जुन्या फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी हवी, आणि तीही एनव्हीएमई प्रकारची. फिरत्या डिस्कवर शेकडो छायाचित्रांची लहान चित्रे दिसण्यास जो वेळ लागतो, तेवढ्यात एसएसडीवर तुलनेचे अर्धे काम आटोपते.

किती क्षमता घ्यावी? रॉ स्वरूपातील एक छायाचित्र सुमारे २५ मेगाबाइटचे धरू. प्रत्येक भेटीत चार छायाचित्रे आणि दिवसाला दहा रुग्ण असे धरल्यास रोज सुमारे १ गिगाबाइट होते. १२० दिवसांच्या हंगामात १२० गिगाबाइट. ५१२ गिगाबाइटच्या डिस्कमधून सिस्टीम व सॉफ्टवेअरची जागा वजा केली तर साधारण तीन हंगाम निघतात. यापुढील संग्रह बाहेरील डिस्कवर न्यावा. लॅपटॉपमधील एकमेव प्रत ही प्रतच नव्हे, असे समजावे. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांपैकी एक चिकित्सालयाबाहेर, हा छायाचित्रकारांचा नियम वैद्यांनीही पाळावा.

४. प्रोसेसर व ग्राफिक्स

दुकानात सर्वाधिक बोलबाला याच दोन गोष्टींचा असतो. आपल्या कामासाठी इंटेलचा कोअर आय-५ किंवा कोअर अल्ट्रा-५, अथवा एएमडीचा रायझन-५ या वर्गातील अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर पुरतो. मात्र नावाला भुलू नये. रायझन ५ ७५२०यू या प्रोसेसरचा क्रमांक नवा दिसतो, परंतु त्याच्या आतील झेन-२ ही रचना २०१९ मधील आहे. क्रमांकाच्या शेवटी ‘यू’ असल्यास तो कमी वीज वापरणारा आणि ‘एच’ असल्यास अधिक ताकदीचा पण अधिक तापणारा असतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा फरक जाणवतो. प्रोसेसर फार तापला की स्वतःची गती स्वतःच कमी करतो. म्हणून ज्याच्या झरोक्यांतून हवा मोकळी खेळते असा लॅपटॉप घ्यावा आणि तो गादीवर किंवा सतरंजीवर ठेवून वापरू नये.

वर्ण-समतोल, कातरणे, मोजपट्टी जोडणे, दोन चित्रांची तुलना या कामांना वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स पुरेसे होते. कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्रातील दाणेदारपणा काढण्यासारखी कामे मात्र वेगळ्या कार्डावर पुष्कळ जलद होतात. परंतु असे उपचार रुग्णाच्या छायाचित्रावर करणे मुळातच योग्य नाही. दाणेदारपणा काढताना संगणक जेथे तपशील नाही तेथे तो कल्पनेने भरू शकतो, आणि व्रणावरील सूक्ष्म पिडका कल्पनेने भरणे किंवा पुसणे आपणांस परवडणारे नाही. ज्या कार्डाची गरज नाही त्याचे पैसे पडद्यासाठी वापरावेत.

अॅपलच्या मॅकबुक एअरचा पडदा व वेग दोन्ही या कामास चांगले आहेत आणि ऑक्टोबर २०२४ पासून त्याची रॅम १६ गिगाबाइटपासून सुरू होते. परंतु त्यात रॅम वा साठवण नंतर वाढत नाही आणि आपले रुग्णनोंदीचे सॉफ्टवेअर त्यावर चालते की नाही हे आधी तपासावे लागते. जुना लॅपटॉप स्वस्तात मिळत असेल तर त्यावर विंडोज ११ चालेल याची खात्री करावी; विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि रुग्णांची छायाचित्रे असुरक्षित संगणकावर ठेवणे उचित नाही.

सॉफ्टवेअरविषयी

फोटोशॉप व लाइटरूम ही प्रसिद्ध सॉफ्टवेअरे वर्गणी भरून वापरावी लागतात. आपल्या मर्यादित कामासाठी गिंप, डार्कटेबल व रॉथेरपी ही विनामूल्य सॉफ्टवेअरे पुरेशी आहेत. चोरून उतरविलेली प्रत वापरू नये. त्यात कायद्याचा भंग तर आहेच, शिवाय तिच्यासोबत संगणकात शिरणारा विषाणू संपूर्ण रुग्णसंग्रह नष्ट करू शकतो.

दुकानात करावयाची परीक्षा

जालना किंवा छत्रपती संभाजीनगर येथे खरेदीस जाताना स्वतःची पाच-सहा छायाचित्रे पेन ड्राइव्हवर न्यावीत. त्यांत एक ग्रे कार्डाचे, एक आपल्या तळहाताचे, एक जिव्हेचे आणि एक शंखपुष्पी व विष्णुक्रांता यांच्या फुलांचे असावे; पांढरट-गुलाबी व निळा यांतील भेद पडदा कसा दाखवितो ते त्यावरून कळते. नंतर पुढील क्रमाने पाहावे.

प्रथम ‘नाइट लाइट’, डोळ्यांच्या विश्रांतीची मांडणी व भडक रंगांची मांडणी बंद करावी. ग्रे कार्ड पडद्यावर निळसर वा पिवळसर न दिसता करडेच दिसले पाहिजे. तळहाताचे चित्र उघडून खरा तळहात पडद्याशेजारी धरावा. मग डावीकडून, उजवीकडून व वरून पाहावे. वर्ण बदलता कामा नये. चार्जरची पिन काढून पुन्हा पाहावे, कारण काही लॅपटॉप बॅटरीवर जाताच उजळपणा व वर्णभेद आपोआप कमी करतात. ही सोय बंद करता येते का ते विचारावे. शेवटी बिघाड झाल्यास तंत्रज्ञ आपल्या गावी येईल की लॅपटॉप शहरात न्यावा लागेल, हे लेखी घ्यावे. हंगामाच्या मध्यावर आठ दिवस लॅपटॉपविना राहणे म्हणजे आठ दिवसांच्या तुलनेस मुकणे होय.

घरी आल्यावर शक्य असल्यास वर्णमापक यंत्राने पडद्याचे मापन करून घ्यावे. असे यंत्र दोन-चार वैद्यांनी मिळून घेतले तरी चालते, कारण ते काही महिन्यांतून एकदाच लागते.

छायाचित्राची सचोटी

उत्तम पडदा मिळाला तरी छायाचित्र घेतानाचा प्रकाश बदलता असेल तर सर्व व्यर्थ आहे. शक्यतो एकाच जागी, त्याच प्रकाशात, तितक्याच अंतरावरून छायाचित्र घ्यावे आणि व्रणाशेजारी ग्रे कार्ड व मोजपट्टी ठेवावी. सॉफ्टवेअरमध्ये त्या कार्डावर टिचकी मारून वर्ण-समतोल साधावा. डोळ्यांच्या अंदाजाने रंग वाढवू नये. संपूर्ण चित्राला सारखाच लागू होणारा समतोल मान्य आहे; व्रणाच्या एखाद्या भागापुरता रंग बदलणे, डाग पुसणे, त्वचा गुळगुळीत करणे हे सर्वथा निषिद्ध मानावे. मूळ छायाचित्र कधीही पुसू नये. संस्कारित प्रत वेगळ्या नावाने ठेवावी. सल्ल्यासाठी व्हॉट्सअॅपवरून पाठविताना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, अन्यथा चित्र आक्रसले जाऊन सूक्ष्म तपशील नष्ट होतात.

रुग्णाची संमती त्याला समजेल अशा भाषेत घ्यावी. चेहरा, गोंदण, दागिने यांवरून ओळख पटणार नाही याची काळजी घ्यावी. अंकीय वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि रुग्णाचे छायाचित्र ही त्याची वैयक्तिक माहितीच आहे. रुग्णवृत्तान्त-लेखनाच्या ‘केअर’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीही २०१३ पासून रुग्णाच्या संमतीला स्थान दिले आहे. तसेच आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याच्या परिशिष्टात श्वित्राचा समावेश आहे, हे ‘उपचारापूर्वी व उपचारानंतर’ अशी चित्रे जाहिरातीत छापू इच्छिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

तात्पर्य

संपूर्ण एसआरजीबी दाखविणारा आयपीएस पडदा, १६ गिगाबाइट रॅम, ५१२ गिगाबाइट एनव्हीएमई एसएसडी, मध्यम वर्गाचा अलीकडचा प्रोसेसर आणि गावापर्यंत पोहोचणारी दुरुस्तीची हमी, एवढे मिळाले की वैद्याचे काम उत्तम चालते. पैसे कमी पडत असतील तर प्रोसेसरची एक पायरी उतरावी, पडद्याची उतरू नये.

त्या हंगामानंतर मी प्रथम पडदा बदलला. त्या कामगाराची दहाव्या दिवसाची दोन्ही छायाचित्रे, मूळ आणि मी ‘सुधारलेले’, अजूनही जपून ठेवली आहेत. नवे छायाचित्र उघडताना रंग वाढविण्याचा मोह झालाच तर ती दोन्ही शेजारी ठेवून पाहतो. व्यवसायबंधूंनी आपले अनुभव या त्रैमासिकाकडे अवश्य कळवावेत, ही विनंती.

इत्यलम्।